होमस्टेसाठी घेतलेली बुकिंग वेबसाइटची सर्व्हिस, एका वर्षाचा अनुभव (आणि त्यातले पॉपअप)

५ पैकी २ स्टार देतेय. एक स्टार कॅलेंडरचा, एक त्यांच्याकडे अगदी शेवटी भेटलेल्या टेक्निकलच्या मुलाचा. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण नंतर मी अजून दोन-तीन ठिकाणचे डेमो मागवून बघितले आणि थोड्याफार फरकाने तिथेही हेच होतं. म्हणजे नाव वाचून तुम्ही ती एक कंपनी टाळाल आणि दुसरीकडे जाऊन त्याच खड्ड्यात पडाल, त्यापेक्षा नेमकं काय होतं ते कळलेलं बरं.

आमचा आंजर्ल्याला चार खोल्यांचा होमस्टे आहे, घराला लागूनच, मागे नारळ-पोफळीचं आगर. आधी सगळं बुकिंग फोनवर आणि वहीत. पण नाताळच्या आठवड्यात काय होतं, एका बाजूला तव्यावर सुरमई, दुसरीकडे फोन वाजतोय, उचलला नाही तर गिऱ्हाईक पुढच्या घरी, उचलला तर मासा करपतोय. म्हणून गेल्या जूनमध्ये, पाऊस लागला आणि सीझन संपला तेव्हा, ही सर्व्हिस घेतली. वर्षाचे ९ हजार, त्यात साइट, खोल्यांचं कॅलेंडर, ऑनलाइन अ‍ॅडव्हान्स, सगळं.

दाखवायला आलेले गृहस्थ लॅपटॉप घेऊन ओटीवर बसले, साइट उघडली, आणि मधोमध छान पॉपअप आला, मागे समुद्र धूसर, पुढे पांढरी चौकट, त्यात तारीख टाका, खोली निवडा, खाली हिरवं बटण. बटण दाबलं की पेमेंटची छोटी वेगळी विंडो. ह्यांना आवडलं, मला आवडलं, सासूबाईंनासुद्धा आवडलं. त्या एका लॅपटॉपवर, त्या एका क्रोमवर बघून आम्ही पैसे भरले. आमच्याकडे येणारे पाहुणे लॅपटॉपवरून बुकिंग करतच नाहीत, रात्री झोपायच्या आधी मोबाइलवरून करतात, हा विचार तेव्हा आला असता तर हे एवढं सगळं लिहावंच लागलं नसतं.

दिवाळीपासून फोन सुरू झाले. काकू, तुमची साइट चालत नाहीये. मी लगेच माझ्या मोबाइलवर उघडून बघायचे, तर व्यवस्थित. मग मी म्हणायचे, अहो माझ्याकडे तर उघडते, रेंजचा प्रॉब्लेम असेल. दोन-अडीच महिने मी हेच सांगत राहिले आणि आता त्याचं फार वाईट वाटतं, कारण ती माणसं खरं बोलत होती. कोणी म्हणे बटणच नाही, कोणी म्हणे बटण आहे पण दाबलं की काही होत नाही, कोणी म्हणे काल झालं होतं आज होत नाही, एक ताई म्हणाल्या तुमची ती ऑफरची जाहिरात प्रत्येक वेळी तोंडावर येते. प्रत्येकाची तक्रार वेगळी, त्यामुळे ही एकच गोष्ट आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आणि किती जण फोन न करताच दुसरीकडे गेले असतील त्याचा तर हिशोबच नाही.

सपोर्टला फोन केला की ठरलेलं उत्तर, मॅडम आमच्याकडे बरोबर दिसतंय, स्क्रीनशॉट पाठवा. आता पाहुण्याच्या मोबाइलचा स्क्रीनशॉट मी कुठून आणू. मग दुसरं उत्तर, गेस्टना क्रोम वापरायला सांगा. तेही सांगून बघितलं, आयफोनवाल्यांना क्रोममध्येही तेच दिसलं. का ते पुढे येतंच आहे.

उलगडा झाला शिमग्याला. माझा भाचा पुण्यात वेबसाइटचंच काम करतो, पालखीसाठी आला होता. पालखी घरी येऊन गेली, जेवणं झाली, आणि दुपारी आम्ही घरातले सगळे फोन झोपाळ्यावर ओळीने मांडले. माझा अ‍ॅन्ड्रॉइड, त्यावर क्रोम. ह्यांचा सॅमसंग, त्यावर त्याचा स्वतःचा सॅमसंग इंटरनेट नावाचा ब्राउझर. भाच्याचा नवा आयफोन. त्याचा लॅपटॉप, त्यात क्रोम आणि फायरफॉक्स दोन्ही. आणि शेजारच्या वहिनींचा आयफोन ६, मुलाने नवीन घेतला तेव्हा जुना आईला दिलेला, अजून मस्त चालतो. सगळ्यांवर एकच लिंक उघडली आणि मी खरंच बघत राहिले, एका घराची पाच घरं झाली होती.

माझ्या फोनवर ओळखीचा पॉपअप. ह्यांच्या फोनवर डार्क मोड चालू होता आणि तो ब्राउझर साइटचे रंगसुद्धा स्वतःच काळे करतो, त्यामुळे चौकट काळी आणि बटणावरची अक्षरं त्या काळ्यात बुडालेली, बटण होतं पण वाचता येत नव्हतं. त्यात ह्यांनी चष्मा नको म्हणून अक्षरं मोठी करून ठेवलेली, त्यामुळे चौकटीतला मजकूर फुगला, चौकटीची उंची मात्र ठरवलेली, आणि आत स्क्रोल होत नाही. खालची अर्धी ओळ कापलेली.

नव्या आयफोनवर चौकट वरून छान, पण खालचं हिरवं बटण गायब. २०२१ ला आयओएस १५ मध्ये (आयओएस म्हणजे आयफोनची सिस्टिम) सफारीने, म्हणजे आयफोनच्या स्वतःच्या ब्राउझरने, अ‍ॅड्रेस बार खाली आणला ना, आमचं बटण नेमकं त्या बारच्या मागे. भाच्याने समजावलं ते असं, की साइट बनवणाऱ्याने पॉपअपची उंची स्क्रीनच्या १०० टक्के एवढी धरली, पण आयफोनची सफारी १०० टक्के मोजताना तो बार नाहीच असं समजून मोजते, मग पॉपअपची खालची पट्टी त्या बारच्या मागे जाते. यावर उपायसुद्धा आहे, आत्ता दिसतेय तेवढीच उंची मोजणारी नवीन मापं आली आहेत, २०२२ मध्ये सफारी, फायरफॉक्स, क्रोम तिघांनीही घेतली ती. म्हणजे आमच्या साइटमध्ये एक-दोन ओळींचा बदल, जो कोणी केलेला नव्हता.

आणि वहिनींच्या आयफोन ६ वर तर पॉपअप आलाच नाही, उलट पॉपअपमधला सगळा मजकूर, तारीख टाका खोली निवडा वगैरे, पानाच्या अगदी तळाशी फोटोंच्या खाली तसाच पसरलेला, आणि बुक करा दाबलं की काहीच नाही. त्याचं कारण असं की पॉपअपसाठी ब्राउझरमध्येच एक तयार सोय असते, डायलॉग म्हणतात, ती क्रोममध्ये २०१४ लाच आली पण फायरफॉक्स आणि सफारीत आली थेट मार्च २०२२ मध्ये. आयफोनवर सफारी वेगळी अपडेट होत नाही, फोनच्या सिस्टिमबरोबरच होते, आणि आयफोन ६ आयओएस १२ च्या पुढे जातच नाही. त्यामुळे त्या फोनला डायलॉग म्हणजे काय हे माहीतच नाही, तो त्याला साधा मजकूर समजून छापून टाकतो. वहिनी म्हणाल्या, अगो मला वाटलं तुमची साइट अशीच आहे. अशा वहिनी आपल्या पाहुण्यांतही असतातच की, मुलांचे जुने फोन वापरणाऱ्या.

आता क्रोम वापरा म्हणणाऱ्या सपोर्टचं उत्तर. आपल्याकडे आयफोनवरचं क्रोम घ्या नाहीतर फायरफॉक्स घ्या, आतलं पान दाखवणारं इंजिन सफारीचंच असतं, अ‍ॅपलचा तसा नियम आहे, युरोपात मात्र २०२४ पासून थोडी सूट मिळाली आहे. म्हणजे पाहुण्याने नाव बदललं तरी पॉपअप तोच. वेबसाइट विकणाऱ्याला हे माहीत नसावं याचा मला सगळ्यात जास्त राग आला.

हा झाला पानावरच चढणारा पॉपअप. पेमेंटची गोष्ट याहून वेगळी आणि जास्त नुकसानीची, कारण ती खरी वेगळी विंडो आहे आणि वेगळी विंडो म्हटलं की ब्राउझर संशयच घेतो. तो का घेतो तेही ऐका. नव्वदच्या दशकाच्या शेवटी ट्रायपॉड नावाच्या कंपनीत इथन झुकरमन म्हणून होते, त्यांनी जाहिरातीसाठी वेगळी विंडो उघडायचा कोड लिहिला, हेतू एवढाच होता की जाहिरात आणि पानावरचा मजकूर एकमेकांना चिकटू नयेत. पुढे लोकांनी त्याचा इतका अतिरेक केला की स्क्रीनवर दहा-दहा विंडो, आणि २०१४ मध्ये त्या माणसाने जाहीर माफी मागितली. तोवर ब्राउझरनी अडवायला सुरुवात करून झालीच होती, मायक्रोसॉफ्टनेसुद्धा २००४ मध्ये विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ या अपडेटमध्ये पॉपअप अडवणारा ब्लॉकर दिला. तेव्हापासून सगळ्यांचा नियम मोटामोटी एकच, माणसाने स्वतः काहीतरी दाबलं असेल तरच विंडो उघडू द्यायची, आपोआप नाही. पण किती वेळापूर्वी दाबलेलं चालेल, हे प्रत्येकाचं वेगळं.

आणि इथे आमचं बुकिंग अडकत होतं. पाहुणा बटण दाबतो, मग साइट सर्व्हरला विचारते खोली मोकळी आहे का, उत्तर आलं की मग पेमेंटची विंडो उघडते. क्रोम आणि फायरफॉक्स दाबल्यापासून साधारण ५ सेकंद धरतात, सफारी त्याहून कडक, मध्ये सर्व्हरकडे जाऊन आलं की ती बहुतेक अडवतेच. आता पुण्यात वायफायवर बसलेल्याला एका सेकंदात उत्तर येतं, त्याची विंडो उघडते. तोच माणूस शुक्रवारी रात्री निघालाय, ताम्हिणी घाटात रेंज येते-जाते, गाडीतून बुकिंग करतोय, उत्तर यायला आठ सेकंद लागले, की त्याच फोनवर त्याच क्रोममध्ये विंडो अडवली गेली. काल झालं होतं आज होत नाही, याचं उत्तर हे. आमच्याकडे तर गावातच एखाद्या दिवशी पानं गोल गोल फिरत बसतात, आम्ही स्वतः पाहुण्यांसमोर उघडून दाखवायला गेलो तर तेव्हाही बंद. तुमचा होमस्टे किंवा आंब्याचा धंदा कोकणात असेल तर हा मुद्दा नीट लक्षात घ्या, शहरात बसून टेस्ट करणाऱ्याला हा दोष कधी दिसणारच नाही.

बरं अडवली हे सांगायची पद्धतही प्रत्येकाची वेगळी. लॅपटॉपच्या फायरफॉक्समध्ये वर चांगली आडवी पट्टी येते, साइटला विंडो उघडू दिली नाही म्हणून, बाजूला परवानगी द्यायचं बटण. लॅपटॉपच्या क्रोममध्ये अ‍ॅड्रेस बारच्या उजव्या टोकाला एक एवढंसं चिन्ह. मोबाइलच्या क्रोममध्ये एक छोटा मेसेज येतो, पटकन दिसला तर दिसला. आणि आयफोनवर आमच्या टेस्टमध्ये काहीसुद्धा आलं नाही, बटण दाबा, शांतता. तिथे पॉपअप अडवण्याचं सेटिंग आधीपासूनच चालू असतं, सेटिंग्जमध्ये सफारीत जाऊन बंद करता येतं, नवीन सिस्टिममध्ये ते अ‍ॅप्सच्या आत सफारी असं आहे. पण मी पाहुण्याला हे कसं सांगणार, की माझ्याकडे राहायला यायचं तर आधी फोनचं सेटिंग बदला? त्या बिचाऱ्याने ते फसव्या साइटपासून वाचायला चालू ठेवलेलं असतं आणि तेच बरोबर आहे. मी कोणालाही बंद करायला सांगत नाही.

इन्स्टाग्रामचं अजून वेगळं. आमचे निम्मे तरी पाहुणे इन्स्टावरचे फोटो बघून येतात, तिथल्या लिंकवर दाबलं की ते क्रोममध्ये जात नाही, इन्स्टाच्या आतलाच छोटा ब्राउझर उघडतो, आणि अशा आतल्या ब्राउझरमध्ये दुसरी विंडो उघडायची सोय बनवणाऱ्याने दिली नसेल तर नसतेच. भाच्याने सहा वेळा दाबून बघितलं. तीन टिंबांत जाऊन बाहेरच्या ब्राउझरमध्ये उघडलं की झालं, पण एवढं कोण करतं.

ऑफरच्या जाहिरातीचं कोडंही तेव्हाच सुटलं. पुन्हा दाखवू नका असं दाबलं की साइट ती नोंद पाहुण्याच्या ब्राउझरमध्ये ठेवते. सफारीने २०२० पासून असं केलं आहे की तुम्ही सफारी वापरताय पण ७ दिवस त्या साइटकडे फिरकला नाहीत, तर साइटने स्क्रिप्टने ठेवलेली अशी नोंद पुसून टाकायची. त्यात आमचा ऑफरवाला तुकडा कंपनीच्या दुसऱ्या पत्त्यावरून येत होता, आणि परक्या पत्त्याच्या कुकीज, म्हणजे अशाच छोट्या नोंदी, तर सफारी ठेवूच देत नाही. म्हणून त्या ताईंना दर वेळी नव्याने जाहिरात. वर गुगलनेसुद्धा जानेवारी २०१७ पासून जाहीर केलेलं आहे की मोबाइलवर आल्या आल्या मजकूर झाकणारे पॉपअप असतील तर ते पान सर्चमध्ये खाली जाऊ शकतं. म्हणजे जी ऑफर दाखवायला आम्ही पैसे भरले तीच आम्हाला खाली ढकलत असणार.

तारखेच्या चौकटीबद्दल थोडक्यात. ती प्रत्येक ब्राउझर आपल्या पद्धतीची दाखवतो, ते चालतं, पण ज्यांचा लॅपटॉप अमेरिकन इंग्रजीवर सेट आहे त्यांना महिना आधी दिसतो. एका कुटुंबाने ५ डिसेंबर समजून ०५/१२ टाइप केलं आणि आमच्याकडे १२ मे नोंदलं गेलं. ते दारात आले तेव्हा खोली नव्हती, मग पलीकडच्या घरी सोय केली आणि जेवण आमच्याकडे. त्यांनी काही बोलून दाखवलं नाही पण मुलं दमलेली होती, मला रात्री झोप लागली नाही.

हे सगळं व्हिडिओ काढून, फोनचं नाव, ब्राउझरचं नाव, काय दाबलं, काय झालं असं एकेक लिहून पाठवलं तेव्हा कुठे सपोर्टने पुढे ढकललं आणि तो टेक्निकलचा मुलगा फोनवर आला. त्याने पहिल्यांदा म्हटलं, मॅडम तुम्ही बरोबर आहात. एवढंच वाक्य मला पाच महिन्यांपूर्वी हवं होतं. त्याने सांगितलं की पेमेंट नवीन विंडोत उघडा अशी एक टिक सेटिंगमध्ये आहे, ती काढली की त्याच पानावरून पेमेंटला जातं आणि झाल्यावर परत येतं, विंडोचा प्रश्नच नाही. ती टिक पहिल्यापासून लावलेली येते आणि कुठेही लिहिलेलं नाही की ती काढा. खोली निवडायचा पॉपअप काढून तेच सगळं साध्या पानावर खाली खाली घेतलं. ऑफरचा पॉपअप पूर्ण बंद, त्याऐवजी वर एक ओळ. तारखेखाली आता महिन्याचं नाव अक्षरात येतं, ५ डिसेंबर असं, पाहुणा ते वाचूनच पुढे जातो.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात हे झालं आणि परत सगळे फोन मांडून बघितले, यावेळी शाळेतल्या बाईंचा आणि पोस्टातल्या दादांचा फोनसुद्धा मागून आणला. साइट आता दिसायला साधी झाली आहे, तो धूसर समुद्र गेला, ह्यांना थोडं वाईट वाटलं. पण मे महिन्यात एकही फोन आला नाही की काकू साइट चालत नाही, आणि ताम्हिणीतून अ‍ॅडव्हान्स भरून आलेली माणसं मी डोळ्यांनी बघितली.

चांगलं काय ते पण लिहायला हवं. कॅलेंडर खरंच चांगलं आहे, फोनवरचं बुकिंग मी हाताने टाकलं की साइटवर लगेच खोली बंद होते, एकदाही डबल झालं नाही. मराठी अक्षरं सगळ्या फोनवर स्वच्छ दिसतात, जोडाक्षरं फुटत नाहीत. अ‍ॅडव्हान्स दोन दिवसांत खात्यात येतो. म्हणून अगदी एक स्टार दिला नाही.

घेणार असाल तर एवढं करा, विकायला आलेल्या माणसाच्या लॅपटॉपवर बघू नका. त्याच्याकडून डेमोची लिंक घ्या आणि आधी घरातल्या, शेजारच्या फोनवर उघडा, त्यात एक तरी आयफोन, एक जुना फोन आणि एक मोठ्या अक्षरांचा फोन पाहिजेच. इन्स्टातून उघडा. मोबाइल डेटावर उघडा, शक्यतो जिथे रेंज वाईट आहे तिथे उभं राहून. आणि पेमेंटपर्यंत जा, मध्येच थांबू नका, कारण आमचं सगळं शेवटच्या बटणावर अडलं होतं. कंपनीला सरळ विचारा की तुम्ही किती ब्राउझरवर टेस्ट करता, याच कामासाठी ब्राउझरस्टॅकसारखी सर्व्हिस आपल्या मुंबईत २०११ ला सुरू झालेली आहे, सगळे फोन विकत घ्यायला लागत नाहीत त्यांना. उत्तर गुळमुळीत आलं तर पैसे भरू नका.

जूनमध्ये रिन्यू करायचं की नाही हे अजून ठरवलं नाहीये. मी त्यांना लेखी कळवलंय की ती नवीन विंडोची टिक सगळ्यांसाठी काढलेलीच ठेवा, फक्त माझ्यासाठी नको, कारण कोकणात अजून किती जणांची बुकिंगं तिथे अडत असतील. उत्तर आलं की इथेच खाली टाकते. आणि जवळपासच्या कोणाला आपली साइट तपासायची असेल तर या, फोन आहेत आमच्याकडे, वहिनींनाही विचारलंय, त्या आयफोन ६ द्यायला तयार आहेत.